शिरोरेषेला आलेला बाक

३ नोव्हेंबर, सोमवार

माझी एका यंत्राविरुद्ध तक्रार आहे. ती दाखल करून घेणारं न्यायपीठ अस्तित्वात नसल्यामुळे या वहीत दाखल करतो. आज सकाळी नऊ ते साडेबारा या वेळात माझ्या लॅपटॉपने तीन अनुस्वार लंपास केले. तिन्ही, मी प्रुफं वाचतो आहे त्या कोशाच्या सातशे अठ्ठाविसाव्या पानावरचे. मान जरा तिरकी केली की चोर मुद्देमाल जागेवर ठेवतो आणि समोरून बघितलं की पुन्हा पळवतो. व्याकरणात याला लोप म्हणतात. वर्ण असतो, पण दिसत नाही, आणि न दिसताही आपलं काम करत राहतो. मात्र व्याकरणातल्या लोपाला काही नियम असतात.

दुसरं कलम शिरोरेषेचं. ऱ्हस्वदीर्घावरून मी माणसांना एकमेकांशी बोलणं टाकताना पाहिलं आहे; पण शिरोरेषा सरळ असावी याबद्दल आजवर दुमत नव्हतं. आमच्या पडद्यावर तिला बाक आला आहे. ओळीच्या मधोमध ती अशी लोंबते की ओले टॉवेल टाकलेली गॅलरीतली दोरी बरी.

हा लॅपटॉप माझ्या बायकोच्या, ललिताच्या भाच्याचा, मयूरचा. तो व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. परदेशी जाताना त्याने हे साडेतीन किलोचं ओझं मावशीकडे ठेवलं आणि 'काकांना प्रुफं वाचायला होईल' म्हणाला. शर्यतीचा बैल घाण्याला जुंपावा तसं ते यंत्र सात वर्षं माझ्याकडे मुकाट्याने अनुस्वार मोजतं आहे. अलीकडे ते तापतं, पडद्यावर गुलाबी रेघा ओढतं, कधी मधेच बंद पडतं. आता त्याने अक्षरांना हात घातला, म्हणून ही नोंद.

कोशाची चारशे बारा पानं उरली. एकतीस डिसेंबरला छपाई.

५ नोव्हेंबर, बुधवार

सम्यकला फोन केला. तो आमचा प्रकाशक. दादरला ऑफिस, वय चौतीस. मला शास्त्रीबुवा म्हणतो, आणि त्यात आदर किती आणि टवाळी किती हे मी अजून सोडवलेलं नाही. त्याने पडद्याचा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट मागवला. पाठवला. म्हणाला, ओळी तर सुतासारख्या सरळ आहेत.

मी त्याला समजावलं की यंत्राने स्वतःच स्वतःचा काढलेला फोटो हा आरोपीचा जबाब आहे, पुरावा नव्हे. तो हसला आणि म्हणाला की मग दोष पडद्यात असेल, नाहीतर ग्राफिक्स कार्डात. कार्ड म्हणजे जो भाग चित्र तयार करून पडद्याकडे धाडतो तो. लालबागला अंबिका नावाच्या बाई आहेत, त्यांच्याकडे न्या म्हणाला. ऑफिसातली सगळी मशीनं त्यांच्याकडेच जातात.

फोन ठेवताना चाचरत त्याने सांगितलं की मागच्या चाळीस पानांत अकरा अनुस्वार राहून गेले होते. 'टाइप करणाऱ्याने नंतर घोळ घातला असेल,' असंही स्वतःच म्हणाला. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून चाळीस पानांत दोनच्या वर काही सुटलेलं नाही. टाइप करणारा किंवा कार्ड. माझं मत कार्डाकडे झुकतं.

हा कोश माझ्या गुरुजींनी तीस वर्षं जमवला. मीमांसेच्या परिभाषेचा. जाण्यापूर्वी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की छापताना तो तुझ्या डोळ्यांखालून जाऊ दे. पहिल्या पानामागे बारीक टायपात माझं नाव येईल. त्या एका ओळीचा मला किती लोभ आहे, ते इथेच लिहायला हरकत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

लालबागला गेलो. मसाल्याच्या गल्लीतून आत, मिरचीच्या खकाण्याने शिंकत, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर. दुकान आठ बाय दहाचं. अंबिका पंचेचाळिशीच्या. कपाळावर भिंग बसवलेला पट्टा, मनगटाला तार बांधलेली. ती तार जमिनीला जोडलेली असते, म्हणजे अंगातली वीज यंत्राला चटका देत नाही. सोवळ्याचं इतकं सयुक्तिक कारण मी प्रथमच ऐकलं.

दारापाशी स्टुलावर त्यांचे वडील, अप्पा. ऐंशीचे असतील. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्या उजव्या कानाकडे बघून नमस्कार केला. नंतर बोलतानाही कानाशीच बोलत होते. वयोमानाने लक्ष उडत असेल. कान माझा तसा मोठा आहे.

अंबिकांनी बारा स्क्रू काढले आणि पाठ उघडली. मी इतकी वर्षं या वस्तूवर हात ठेवून बसतो, पण आत काय आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तांब्याच्या चपट्या नळ्या, दोन पंखे आणि त्यांच्यामध्ये तळहाताएवढी हिरवी पट्टी. हल्लीच्या लॅपटॉपांत हे सगळं मुख्य बोर्डावरच कायमचं जडवलेलं असतं, बिघडलं की बिघडलं, असं त्या म्हणाल्या. तुमचं जुनं आणि दांडगं आहे म्हणून कार्ड वेगळं निघतं. नशीबवान आहात काका. म्हणजे माझा बैल घराण्याचा निघाला.

मग चिमट्याने त्यांनी डाव्या पंख्यातून काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

"तांदूळ," मी म्हणालो.

"लाल कसा?"

अप्पा माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "अक्षता ती. दसऱ्याची."

गोष्ट खरी होती. दसऱ्याला मी पाटी, पोथी, चष्मा आणि लॅपटॉप यांची यथासांग पूजा केली होती. स्वर लावून, मंत्र म्हणून, मूठभर अक्षता मागच्या जाळीवर सोडल्या होत्या. एक आत गेली आणि पंखा अडला. कार्ड महिनाभर स्वतःच्याच उष्णतेत शिजत होतं. अक्षत म्हणजे न तुटलेला दाणा. पंख्याने त्याचे दोन तुकडे करून व्युत्पत्तीच मोडून टाकली होती. अंबिका म्हणाल्या की गणपतीनंतर फुलाच्या पाकळ्या आणि दसऱ्यानंतर तांदूळ, हा त्यांचा ठरलेला हंगाम आहे. एका बँकेच्या मशीनमधून आख्खी सुपारी निघाली होती.

कार्ड गेलेलंच आहे. तेच परत बसवण्यापेक्षा त्याच मापाचं, दोन पिढ्या पुढचं बसवू म्हणतात. रे रोडच्या भंगाराच्या गोदामात जुनी दणकट मशीनं येतात, तिथून शोधावं लागेल. लॅपटॉप तिथेच ठेवून आलो. कार्डानेच हा सगळा प्रकार केला, हे सिद्ध झाल्यामुळे परतताना मला विनाकारण हलकं वाटत होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

ललिताला अक्षतेची हकिकत सांगितली. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. 'सुशिक्षित माणसाने मंत्र जरा लांबून म्हणावेत,' एवढंच म्हणाली. मग मला विचारलं, आता कार्ड नवं आलं की अक्षरं सरळ दिसतील ना? मी म्हटलं, अर्थात. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. अक्षतेचं हसू आवरत असणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्र नाही म्हणून रिकामा आहे आणि रिकामेपणी घरात काय काय चाललंय ते लक्षात येतं. ललिता हल्ली सकाळी पेपर मोठ्याने वाचते. अग्रलेखसुद्धा. सव्वीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हजेरीपट वाचल्यामुळे तिला स्वतःचा आवाज आवडू लागला असावा. बाहेरच्या खोलीतली ट्यूब बदलून तिने दुप्पट उजेडाची लावली. चहाच्या कपाखाली पांढऱ्याऐवजी गडद निळी बशी येते. विचारलं तर म्हणाली, बदल.

दुसरं असं की दिवाळीआधी सोसायटीने खिडक्यांना बसवलेले गज वाकडे आहेत. मधले दोन तर पोटुशीसारखे पुढे आलेले. मी कमिटीला दीड पानी अर्ज दिला. त्यात 'निकृष्ट' हा शब्द तीनदा आला आहे. संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः ओळंबा घेऊन आला. गवंडी लावतात तो, दोरीला शिशाचा गोळा. गजाशेजारी सोडला आणि म्हणाला, बघा, कुठे वाकडं आहे?

मी बघितलं. ओळंब्याची दोरीच मधे वाकलेली होती. गुरुत्वाकर्षणाबद्दल शंका घेण्याइतका मी धीट नाही, म्हणून दोरीला दोष दिला. सेक्रेटरी ललिताकडे बघून गेला. ठेकेदाराला पाठीशी घालायचं ठरलेलं दिसतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कार्ड मिळालं. आज मी जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायला हवं, कारण उद्या ते मला खरं वाटणार नाही.

अंबिका मायक्रोस्कोपखाली कार्ड साफ करत होत्या. दोन नळ्यांचा, डोळे लावून बघायचा. 'बघायचंय?' म्हणाल्या. मी चष्मा काढून वाकलो आणि एका शहरावर पोचलो. विमानातून दिसावं तसं. रस्ते सोन्याचे, चौक चांदीचे, ओळीने उभी असलेली तपकिरी गोदामं. केसाहून बारीक वाटा एकमेकींना न चिकटता वळणं घेत होत्या. एकही वाट विनाकारण वळलेली नव्हती. मधे काळंभोर, आरशासारखं तळं. ते म्हणजे मुख्य चिप, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. तिच्यात चारशे कोटींच्या वर कळा आहेत म्हणाल्या, म्हणजे दिव्याच्या बटणासारख्या, चालू नाहीतर बंद. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. चारशे कोटी.

माझ्या गुरुजींनी तीस वर्षांत अकरा हजार शब्द जमवले तेव्हा आम्ही त्यांच्या पाया पडलो होतो. एका नखावर चारशे कोटी निर्णय बसवणाऱ्याच्या पाया पडायला कुठे जायचं, तेही मला माहीत नाही. आणि ही वस्तू गोदामात ढिगाखाली पडली होती. बाई म्हणाल्या, सोबतीला तीन तुटके पंखे आणि एक टोस्टर होता.

उजव्या नळीत मधोमध करडा डाग होता. मी म्हटलं, काच पुसून घ्या. त्यांनी पुसली. डाग राहिलाच. त्यांनी स्वतः डोळा लावून बघितलं, बराच वेळ. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. जुनं उपकरण आहे, चालायचंच.

अप्पांशी गप्पा झाल्या. ते गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि यांनी त्यातला सुटलेला धागा, विणीतली चूक, तेलाचा डाग शोधायचा. म्हणजे अप्पा कापडाचे मुद्रितशोधक. मी तसं म्हटल्यावर ते माझ्या कानाकडे बघून खूश झाले. दिवसाला किती वार बघायचे ते सांगितलं. मी दिवसाला किती पानं ते सांगितलं. एकमेकांच्या धंद्याबद्दल असा आदर मला माझ्या वर्गबंधूंच्या संमेलनात मिळालेला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज बसवणं पाहिलं. जुनी सुकलेली पेस्ट खरवडून काढली. ती चिप आणि तांब्याच्या नळीच्या मधे असते, उष्णता वाहून न्यायला. नवी लावताना अंबिकांनी चिपच्या मधोमध एक थेंब ठेवला आणि पातळ पट्टीने सारवला. राखाडी गंध. चिपच्या कपाळी इतक्या एकाग्रतेने गंध लागताना पाहून मला माझ्या दसऱ्याच्या पूजेची लाज वाटली. स्क्रू तिरक्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा अर्धा वळसा. एका बाजूने आवळलं तर चिप तडकते. बाईंचा श्वास चालू आहे की नाही कळत नव्हतं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

त्या मात्र शांत. यंत्राच्या मुळाशी एक बारकी यादी असते, म्हणाल्या. कोणकोणते भाग आपले ते त्यात लिहिलेलं असतं. हे कार्ड त्या यादीत नाही, म्हणून मशीन त्याला ओळखच देत नाही. यादीत याचं नाव घालावं लागेल. दोन-तीन दिवस द्या.

समोर असलेली वस्तू नाव माहीत नसल्यामुळे दिसत नाही! हा सिद्धांत मांडायला आमच्याकडे लोकांनी आयुष्यं घालवली, आणि लालबागच्या गल्लीत तो दुरुस्तीच्या कामाचा भाग आहे. मी हे बाईंना सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही पायरी उतरताना भिंतीला हात लावता. आधीपासून?"

मी म्हटलं, पायऱ्या झिजल्यात तुमच्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. ललिताने घट मांडला आणि मला बजावलं की तांदूळ यंत्रांपासून दूर ठेवले आहेत. दहाच्या सुमारास लालबागला पोचलो.

यादीत नाव पडलं होतं. यंत्र चालू झालं. अंबिकांनी चाचणीसाठी समुद्र लावला. मला वाटलं चित्रफीत असेल. तर नाही. हे पाणी कोणी कुठे टिपलेलं नाही, म्हणाल्या. ते आत्ता, या क्षणी तयार होतंय. पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाने कुठला रंग घ्यायचा हे कार्ड सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवतं. लाट उठली, तिच्या पाठीवर ऊन आलं, फेसाच्या कडेला ते फुटलं, आणि खाली ओली वाळू उजळून विझली. असं ऊन जगात कुठेही पडलेलं नव्हतं. बाईंनी बोटाने सूर्य जरा खाली ओढला आणि सगळ्या लाटा लाल झाल्या, प्रत्येक आपापल्या उताराप्रमाणे. मी गिरगावात वाढलो, चौपाटीवर हजारो संध्याकाळी बसलो. समुद्र इतका हिशेबाने वागतो हे मला तिथे कधी कळलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं. लपवलं नाही.

मग म्हटलं, आता कोश उघडा.

पान सातशे अठ्ठावीस. कागद पांढराशुभ्र, अक्षरं कोरल्यासारखी. आणि शिरोरेषा मधोमध लोंबत होती. तशीच. तीन अनुस्वार नव्हते.

अंबिकांनी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि पडद्यावर, ओळीला लावून आडवी धरली.

"काका, ही पट्टी सरळ आहे?"

पट्टी वाकली होती. शिरोरेषेबरोबर, तिच्याइतकीच.

"डावा डोळा झाका," त्या म्हणाल्या. झाकला. पट्टीचा मधला भाग नाहीसा झाला. तिथे करडं काहीतरी होतं, ओल्या बोटाने पुसल्यासारखं. "आता उजवा झाका." झाकला. पट्टी सरळ. शिरोरेषा सरळ. तीनही अनुस्वार जागेवर, तिथून हलायचं कधी मनातही आणलं नसावं असे.

मग अप्पा स्टूल सरकवून जवळ आले आणि माझ्या कानाकडे तोंड करून बोलले.

"तुमका वाटत असात, ह्यो म्हातारो माझ्याकडे बघित नाय. अहो, तुमका बघूक व्हया म्हणान तर असो बघतंय. सरळ बघलंय तर तुमका तोंडच नाय."

मला मालवणी कळली नाही असं वाटून अंबिका पुन्हा सांगायला लागल्या. मी हाताने थांबवलं. अप्पांनीच पुढे सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मोहरीएवढी जागा असते, वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं सगळं तिथे चालतं. यांची आधी एका डोळ्याची गेली, मग दुसऱ्याची. फोल्डिंग खात्यात कापडाची वीण वाकडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी मागाला शिव्या घातल्या, मग विणकराला, मग टेबलावरच्या दिव्याला. दीड वर्ष. वेळेत गेलो असतो तर निदान दुसऱ्याचं तरी डोळ्यात सुया देऊन थांबलं असतं म्हणाले. 'सगळ्यांचं सारखं नसतं, काहींचं आपोआप बरं होतं,' असं अंबिका मधे म्हणाल्या. जरा घाईनेच म्हणाल्या.

साडेतीन किलोचं नवं झालेलं यंत्र खांद्याला लावून घरी आलो. येताना उजवा डोळा एकदाही झाकला नाही. डावाही नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोहरी. छपन्न वर्षांत मी जे जे वाचलं, ते सगळं मोहरीएवढ्या जागेवर पडून आत गेलं. चारशे कोटी कळांचं कौतुक करत होतो. हे त्याहून लहान, आणि याला पंखा नाही, पेस्ट नाही, कोणी यादीत नाव घातलं नाही. मी त्याची कधी पूजा केली नाही. चष्म्याची केली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

एक गोष्ट मी या वहीत लिहिली नव्हती. तेरा तारखेला, सेक्रेटरी गेल्यावर, मी खिडकीपाशी उभा राहून उजवा डोळा झाकला होता. गज सरळ झाले. मग हात काढला आणि निकृष्ट दोरीबद्दल ती नोंद लिहिली. खोटं लिहिलं असं म्हणणार नाही. वाचणाऱ्याने खोटं पकडू नये इतपत खरं लिहिलं.

सम्यकला फोन केला. सांगितलं की दसऱ्यानंतर माझ्याकडून गेलेली सगळी पानं दुसऱ्या कोणाकडून वाचून घे. साधारण पाचशे ऐंशीपासून पुढची. कारण सांगितलं. तो म्हणाला, "अकरा नव्हते. एकोणचाळीस होते. मला सांगवेना."

मी म्हटलं, चाळीस पानांत?

"हो."

आणि छपाईचं काय, असं मी विचारलं. छपाई थांबेल म्हणाला. शास्त्रीबुवा म्हणाला नाही. नावाने हाक मारली, पुढे 'सर' लावून. ती टवाळी मला इतकी हवीशी वाटेल असं वाटलं नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार

ललिताला सांगायचं वाक्य मी दोन दिवस तयार करत होतो. कर्ता, कर्म, क्रियापद, विशेषण शक्यतो नको. आज ती शाळेतून आल्यावर, चहाच्या वेळी म्हटलं. उजव्या डोळ्याने मला मधलं दिसत नाही.

तिने कप खाली ठेवला, उठून कपाटातून एक कागद आणला आणि माझ्या डाव्या बाजूला ठेवला. परळच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर. उद्याचा, सव्वानऊचा. कागदावर घेतल्याची तारीख चौदा नोव्हेंबर.

मी विचारलं, तुला कधी कळलं?

"दिवाळीत. रांगोळीचे ठिपके वाकडे आलेत म्हणालात. ठिपके मी कागद ठेवून काढले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं ते कार्ड बसेपर्यंत थांबले," ती म्हणाली. "ते बसल्यावर तुम्हीच बोलाल असं वाटलं. नसता बोललात तर उद्या मार्केटला जाऊ म्हणून नेणार होते." मग म्हणाली की रजा टाकली आहे, उपास नाही तेव्हा खाऊन निघू, डोळ्यांत औषध घालतील, येताना टॅक्सी करू. हजेरीपट वाचावा तसं सगळं क्रमाने. मग कपबश्या उचलून आत गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला. घासायला दोनच कप होते.

यंत्र समोर चालू आहे. उद्याच्या आधी एकदा डाव्या डोळ्याने तो समुद्र पुन्हा पाहिला. सूर्य खाली ओढता येतो, हे अंबिकांनी मला शिकवून ठेवलं आहे. थक्क व्हायला एक डोळा पुरतो, एवढं कळलं.

डोळ्याचं काय होणार ते उद्या डॉक्टर सांगतील. थांबेल, भरून येईल, नाहीतर दुसराही त्याच वाटेने जाईल. कोश दुसरं कोणी वाचेल. गुरुजींना काय वाटलं असतं याचा विचार माझा करून झाला. माझी खरी काळजी वेगळी आहे आणि ती मी ललितालाही सांगितलेली नाही. मी घरात कोणाच्याही कामाचा उरलो नाही, तर ती मला ते कळू देणार नाही. आणि मला ते दिसणार नाही.